बकुळीची जागा

आमच्या घरामागची बाग मोठी नाही. कोरेगावातून रहिमतपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, उसाच्या पट्ट्याच्या अलीकडे, जेमतेम तीन गुंठ्यांची ती जागा आहे. तीत नऊ झाडे आहेत, आणि नऊही माझ्या थोरल्या भावाने, विश्वजितने, लावलेली आहेत. तो फौजेत आहे. सुट्टी संपली की निघण्याच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर, तो एक झाड लावतो आणि हात धुऊन बॅग भरायला बसतो. नऊ सुट्ट्या, नऊ झाडे. पाणी घालण्याचे काम माझे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. घरात कुणी लावणारा असतो आणि कुणी पाणी घालणारा असतो, एवढेच.

खड्डा घेण्याची त्याची एक रीत आहे. कोपरापर्यंत हात बुडेल इतका खोल, कडा सरळ उतरलेल्या. वरची वीतभर काळी माती डावीकडे, खालची मुरमाड माती उजवीकडे, दोन्ही ढीग तळव्याने थापटलेले. रोप ठेवताना डावीकडची माती आधी मुळांशी जाते. ही रीत त्याने कुणाकडून उचलली मला ठाऊक नाही. मी साताऱ्याला माती परीक्षणाच्या एका प्रयोगशाळेत काम करतो, दिवसाला चाळीसएक पिशव्यांतली माती चाळतो, पण इतका नेटका खड्डा मला कधी घेता आलेला नाही.

यंदाच्या उन्हाळ्याला काही धरबंध नव्हता. सकाळी दहालाच अंगण तापायचे, दुपारी आभाळ भरून यायचे, वारा सुटायचा, आणि बहुधा चार थेंबही न पडता सगळे ओसरून जायचे. जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधी गळत. डाळिंबाच्या फांदीवर शिंजीर चोच उघडी ठेवून बसून राही. हौदाखालच्या ओलीत सरडेसुद्धा येऊन थांबत, आणि तिथे राहणारा बेडूक त्यांना काही करत नसे. मी संध्याकाळच्या एसटीने घरी येई, बादल्या भरी, नऊ आळी भिजवी आणि चार घास खाऊन आडवा होई. त्या दिवसांत मला झोप लागत असे, पण विसावा मिळत नसे.

विश्वजितचा फोन येत नव्हता. मार्चअखेर तो वर, बर्फातल्या एका चौकीवर गेला होता. दर रविवारी न चुकता फोन करणाऱ्या माणसाचे सहा रविवार नुसते गेले. आई त्याबद्दल बोलत नसे. मी घरी आलो की ती माझा मोबाइल मागून घेई आणि ओच्यात ठेवून भाकरी थापायला बसे.

मेमधल्या एका शनिवारी, चारच्या सुमारास, वळीव आला. अर्धा तास पत्र्यावर इतका आवाज होता की आई समोर बसून काय म्हणते ते मला ओठांवरून ओळखावे लागत होते. पाऊस थांबल्यावर, काय मोडले ते पाहायला मी मागे गेलो. बागेत पावलागणिक चिखल होता. डाळिंब आणि धुण्याचा दगड यांच्यामध्ये, सकाळी जिथे काही नव्हते तिथे, एक खड्डा होता.

कोपरभर खोल. दोन बाजूंना दोन ढीग. भोवतीच्या चिखलात एकही पाऊल उमटलेले नव्हते.

मी वाकून आत हात घातला. तळ कोरडा होता. ढिगांतली मातीही कोरडी होती. बोटांतून झरत होती. वर डाळिंबाच्या पानांवरून अजून पाणी ठिबकत होते आणि तळाशी पडलेला प्रत्येक थेंब वेगळा दिसत होता, म्हणजे ते पहिलेच थेंब होते.

आई मागून आली. तिने बराच वेळ पाहिले.

"आपल्या विश्वाचा हात हाय ह्यो," ती म्हणाली.

"साळिंदर असंल, आई. उसातनं येत्यात."

"साळिंदर माती दोन अंगाला थापटून ठेवतंय व्हय? मग त्याला गवंडीकामाला लाव." हे म्हणताना ती हसली नाही. पुढे म्हणाली, "मोकळा खड्डा ठिवू नये. घेतला की त्याला कायतरी द्यावं लागतं. जा, रोप आण."

चांदसाहेबांची रोपवाटिका रस्त्यापलीकडे आहे. मला पाहून त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "काय मातीचं डॉक्टर, मे म्हैन्यात झाड? पेशंट मारायचा इचार हाय काय?"

मी आईचे नाव सांगितले. ते उठले आणि हिरव्या जाळीखालून गुडघाभर उंचीची एक बकूळ घेऊन आले. "ही न्या. लय सोशिक. पर एक ध्यानात ठिवा, एकदा बसली की हिला हलवायची न्हाई."

बकूळ लावली. डावीकडची माती आधी घातली. हात धुऊन मी पायरीवर टेकतो न टेकतो तोच आईच्या ओच्यात फोन वाजला.

"यशा, बरा हाय रं मी," विश्वजित म्हणाला. "लाइनच बंद हुती. आजच चालू झाली." मग म्हणाला, "काय सांगू, आत्ता घटकाभरापूर्वी एकदम पाय जमिनीला लागल्यागत वाटलं. किती दिवसांनी."

आईने फोन घेतला. जेवलास का, एवढेच विचारले, आणि उत्तर ऐकून तो परत माझ्या हातात दिला.

सोमवारी मी उजव्या ढिगातली उरलेली मूठभर माती कामावर नेली. आमच्या मातीत चुन्याचे खडे असतात. तिच्यावर आम्लाचे दोन थेंब टाकले की ती फसफसते. ही फसफसली नाही. चाळल्यावर चाळणीत बारीक चमकणारे पापुद्रे राहिले. ते अभ्रकाचे होते. कोरेगाव तालुक्यातली माती मी सात वर्षे तपासतो आहे. तीत मला ते कधी सापडले नव्हते. नोंदवहीत लिहिण्यासारखे काही नव्हते. मी ती पुडी खिडकीबाहेर झटकली आणि पुढची पिशवी उघडली.

पुढच्या रविवारी गारा पडल्या. लिंबाएवढ्या गारा, पंधरा मिनिटे. थांबल्यावर बाग पांढरी दिसत होती आणि पडलेल्या पानांचा हिरवा, कच्चा वास सुटला होता. पश्चिमेच्या कुंपणाजवळ, जिथे कोणत्याच झाडाची सावली पोहोचत नाही, तिथे दुसरा खड्डा होता. गारांचा थर त्याच्या काठापर्यंत येऊन थांबला होता. आत एकही गार नव्हती.

मी चांदसाहेबांकडे गेलो. जाळी फाटून लोंबत होती. ते उलट्या क्रेटवर बसले होते आणि समोर काळ्या पिशव्यांचा चिखल झाला होता.

"रोप न्हाई," ते म्हणाले. "समद्यांची कोशिंबीर झालीया. आठ दिस थांबा."

आई आठ दिवस थांबणार नव्हती. मी शेवग्याची फांदी खोचतो म्हणालो.

"फांदी नगं. मुळाचं पायजे," ती म्हणाली. "मागल्या बारीला मुळाचं दिलं, तवा त्याचा फोन आला." मग तिने बकुळीकडे पाहिले. पानांची चाळण झाली होती, पण ती उभी होती. "ती उचल. तिकडं लाव. त्यानं जागा दुसरी काढलीया, आपुन कोण न्हाई म्हणणार?"

आठ दिवसांपूर्वी लावलेले रोप, भर मेमध्ये. ते हलवू नये हे मला ठाऊक होते. त्याची कारणेही क्रमाने सांगता आली असती. पण मी फार थकलो होतो. वाद घालण्यापेक्षा फावडे उचलणे सोपे वाटले.

मोबाइलवर सव्वापाच झाले होते. मुळांचा गड्डा सैल करून मी वर ओढला, तेव्हा खाली काहीतरी तुटले. वाळकी काडी मोडावी इतकाच आवाज. आई हौदाशी होती, तिला ऐकू गेला नाही. मी तिला सांगितलेही नाही. बकूळ कुंपणाजवळ लावली, जुना खड्डा नुसत्या मातीने बुजवला.

दिवेलागणीच्या पुढे फोन आला. विश्वजितला अजून धाप लागलेली होती.

"आमाला हलवलं रं अचानक. सव्वापाचला हुकूम आला, हाय तसं निघा. आमी निघालो, आन तासाभरानं वरचा कडा बर्फासकट खाली आला. आमची चौकी हुती तिथं आता कायच न्हाई." तो हसला. "माझा पाय तेवढा मोडला. निघताना. कट्‌ असा आवाज झाला बघ."

आईने देवापुढे साखर ठेवली. मी मागच्या पायरीवर बसून राहिलो. वाचवले ते मीच आणि मोडले तेही मीच, हा विचार मी मनात पुरता येऊ दिला नाही. तो नंतरच्या दिवसांत आपोआप आला.

कारण त्यानंतर आभाळ फाटकासारखे बंद झाले. वारा तेवढा राहिला. दुपारी पश्चिमेकडून ढग येत, गडगडत, आणि न बरसता उसावरून निघून जात. मधल्या वेळात ऊन कुंपणाजवळ उभे असे. बकुळीची पाने दुसऱ्या दिवशी खाली वळली. चौथ्या दिवशी कडा तांबूस झाल्या. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातले, बुंध्याशी ओले पोते गुंडाळले. सातभाई रोज बागेत कलकलाट करत उतरत. आता ते कुंपणावर ओळीने बसत, बकुळीकडे तोंड करून, आणि एकही बोलत नसे.

"अंग भाजतंय," विश्वजित फोनवर म्हणाला. त्याला खालच्या दवाखान्यात आणले होते. "हितं नळाचं पाणी गोठतंय आन मला ऊन लागतंय. डॉक्टर म्हणतोय ताप न्हाई. समदं बरोबर हाय म्हणतोय."

"रात्री?"

"रातीला बरं असतं. दुपारी बारा वाजल्यापासनं."

मी रजा टाकली. चार काठ्या रोवून आईचे जुने लुगडे वर बांधले. पहिल्याच दुपारी वाऱ्याने ते उसात नेऊन टाकले. गोणपाट बांधले, ते फाटले. छत्री उलटी झाली आणि तिच्या काड्या मोडल्या.

अकरा पाने राहिली होती. मग सात.

त्या दिवशी फोन आईने घेतला. पलीकडून आवाज आला नाही, नुसता श्वास आला. तिने फोन ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि पहिल्यांदाच विचारले, "काढताना मूळ तुटलं का रं?"

मी होकाराची मान हलवली.

ती बादली घेऊन हौदाकडे गेली. तिने बोलायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी बाराला मी बागेत गेलो. चार पाने होती. बांधण्यासारखे घरात काही उरले नव्हते, म्हणून मी सूर्याकडे पाठ करून बकुळीसमोर उभा राहिलो. माझी सावली आखूड होती, पण तिच्यावर पडत होती.

पाठ तापली. मग बधिर झाली. वारा आला, ढग आला, निघून गेला. मी उभा राहिलो.

दीडच्या सुमारास खिशातला फोन वाजला.

"यशा." आवाज स्वच्छ होता, शेजारून यावा तसा. "आत्ता जरा बरं वाटतंय."

"बरं."

"कुणीतरी म्होरं येऊन उभं ऱ्हायल्यागत वाटतंय."

मी त्याला काही सांगितलेले नव्हते. आईनेही नाही. मी बकुळीकडे पाहिले. सर्वांत खालच्या पानाच्या टोकावर उन्हाची एक बारीक रेघ होती.

"जरा डावीकडं सरक," विश्वजित म्हणाला.

मी सरकलो. रेघ गेली.

"हां. बास. आता हलू नगंस."

फोन चालू राहिला. तो झोपला होता. श्वास एका लयीत येत होता. हळूहळू माझाही त्याच लयीत पडू लागला.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. सावली लांबत गेली तसा मी तिच्याबरोबर थोडा थोडा वळत गेलो. मागे हौदाचा नळ सुटल्याचा आवाज आला. आई भरलेली बादली घेऊन आली. अर्धे पाणी तिने बकुळीच्या आळ्यात ओतले. मग ती खाली बसली, दोन्ही हातांनी माझ्या पावलांभोवती माती ओढून तिने आळे केले, आणि उरलेले पाणी सावकाश तिथे सोडले.