रत्नप्रभाची ओळ

वर्सोव्याच्या एका मच्छीमार सोसायटीत संगणकावर होड्यांचा तक्ता बसवायला मरोळच्या कंपनीने श्रुतिकाला पाठवलं होतं. तक्त्यात बेचाळीस होड्या. किनाऱ्याला जी जवळ, ती वर. दर मिनिटाला यादी आपोआप बदलायची. पोरगी कामाला चोख, पण दर्यावरच्या माणसांची रीत तिला कुठली ठाऊक! बाहेर पडलेल्या होडीपुढे तिने सरळ ‘गेली’ असं ठोकून दिलं होतं.

समोरच्या बाकावरून मालन उठून आली. तिचा मुलगा नितेश चार खलाशांसह ‘रत्नप्रभा’ घेऊन निघाला, त्याला अकरा दिवस झाले होते. होडीचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र मुकं, शोधही थांबलेला. तिने माऊस धरून रत्नप्रभाची ओळ दाबली. ओळ निळी झाली. मिनिटभराने यादी हलली आणि निळा पट्टा भलत्याच होडीवर जाऊन बसला.

“बाय, माझी सुटली गो,” मालन म्हणाली. “आणि निघालेल्याला गेली म्हणतात काय? येते म्हणायचं.”

श्रुतिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तशी साधीच: प्रोग्रॅम ओळीची जागा लक्षात ठेवत होता, होडी नव्हे. तिने त्याला होडीचा नोंदणी क्रमांक धरून ठेवायला लावलं. आता ओळ वर जावो की खाली, पट्टा तिला सोडणार नव्हता. मग तिने प्रत्येक ‘गेली’ पुसून ‘येते’ लिहिलं. मालनने पुन्हा आपली ओळ दाबली आणि माऊसवरचा हात काढलाच नाही.

बाराच्या सुमारास सेक्रेटरी धोंडूकाका श्रुतिकाजवळ आले.

“नियम आसा गे. शोध थांबलो की नाव काढूचा. तूच काढ, माझो हात धजणा नाय.”

मालनने तोंड फिरवलं. श्रुतिकाने जड मनाने ओळ काढून टाकली. बेचाळीसच्या एक्केचाळीस झाल्या. तळाशी मात्र अजून लिहिलेलं होतं: एक होडी निवडलेली.

काहीतरी मागे राहिलं असेल, म्हणून तिने पान नव्याने उघडलं.

सगळ्यात खाली रत्नप्रभा होती. निळी. शेजारी ‘येते’. आणि इतका वेळ कोऱ्या असलेल्या अंतराच्या रकान्यात आकडा होता: नव्वद किलोमीटर.

“काका, हे तुम्ही भरलंत?”

धोंडूकाकांनी नकारार्थी मान हलवली.

यादी हलली. एकसष्ट.

“इतक्या जोरात होडी चलणा नाय,” ते पुटपुटले.

चौतीस. ओळ एकेका होडीला मागे टाकत वर चढत होती, आणि पट्टा तिच्यासोबत. श्रुतिकाच्या मनात भीती होतीच, पण हात जोडावेत असंही वाटत होतं.

नऊ.

मालन अनवाणीच धक्क्याकडे धावली.

दोघं तिच्यामागे पोचली तेव्हा रत्नप्रभा खाडीच्या तोंडाशी होती. इंजिनाचा आवाज नव्हता. होडी धक्क्याला लागली, पाच माणसं उतरली. मालनने नितेशला मिठी मारली आणि ती ढसाढसा रडू लागली.

“आये, रडतेस कशाला?” तो गोंधळून म्हणाला. “सकाळी तर निघालो.”

श्रुतिकाने मासळीच्या खणात डोकावून पाहिलं. वैशाखाच्या उन्हात, निघताना भरलेल्या बर्फाच्या लाद्या काठोकाठ रचलेल्या होत्या, कोपरे धारदार, आणि तळाशी पाण्याचा एक थेंब नव्हता.