राजतिलकाचं काळ्या आयाळीचं शिंगरू

"माझा घोडा चोरीला गेला," चुन्नीलाल म्हणाला, "आणि हा त्याच्या जागी उभा केला!"

आमगावजवळच्या त्याच्या शेतावर राजतिलक उभा होता. मोठमोठ्या शर्यती जिंकून आता पैदाशीसाठी आणलेला, आयाळीसकट नखशिखांत तांबडा घोडा. खाजगी गुप्तहेर रुख्मिणी पटले त्याला न्याहाळत होती. तिचा मदतनीस ओमेश नेहमीप्रमाणे बावचळला होता.

"घोडी तांबडी, घोडा तांबडा. दोन तांबड्यांले काळ्या आयाळीचं पोर होतच नाही, डॉक्टर बोलला. अन् हे बघा!" चुन्नीलाल म्हणाला. घोडीमागून काळ्या आयाळीचं शिंगरू डोकावलं. "सईस बकारामनं असली घोडा बदलवला. उद्या पोलिसात देतो त्याले."

रुख्मिणीने राजतिलकाच्या मानेतली चिप यंत्राने तपासली. नंबर कागदपत्रांशी जुळला. घोडा तोच होता.

"म्हणजे घोडा खरा, घोडी खरी, अन् पोरगं खोटं?" ओमेशचं डोकं गरगरलं.

बकाराम शर्यतीच्या दिवसांपासून घोड्यासोबत होता. "मी कायले बदलवू जी? लेकरावानी वाढवला. घोडीकडं याची नजर गेली का दटावत होतो, म्हणून तर जिंकला."

"मग शिंगरू कोणाचं?" रुख्मिणीने विचारलं.

"जेलात टाका. मी बोलणार नाही."

तेवढ्यात घोडी खिंकाळली. राजतिलकाने कान टवकारले, बकारामकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

घोड्या फळवण्याचं काम चुन्नीलालचा मुलगा हिमांशू बघायचा. "आधी मोत्याले घोडीपुढं नेतो, ताई. ती माजावर आहे का, ते त्याच्यावरून कळते. मग मी त्याले मागं ओढतो अन् बकाराम दोर धरून राजतिलकाले आणते. आजही ती माजावर आहे."

मोत्या म्हणजे गावठी घोडा. त्याने ओमेशचा दुपट्टाच तोंडात धरला. तो सोडवताना काळ्या आयाळीचे केस ओमेशच्या हाती आले, ते त्याने शिव्या देत झटकून टाकले.

रुख्मिणी हसली. "बकाराम, तुम्ही फाटकाबाहेर जा. घोडी आणा रे!"

बकाराम दिसेनासा झाला आणि राजतिलक असा उसळला की दोघांना आवरेना.

"हा तर गरीब गाय होता!" चुन्नीलाल म्हणाला.

"घोडं इथंच पेंड खातंय, शेठ. चोरी झालीच नाही. ज्याने वर्षानुवर्षं दटावलं, त्याच्याच हाती दोर. त्याच्यासमोर हा घोडीला शिवेल कसा? शिंगरू काळ्या आयाळीच्या मोत्याचं. हिमांशू, त्या दिवशी तू मोत्याला मागं ओढलं नाहीस."

हिमांशूने डोळे पुसले. "निकामी निघाला म्हणून बाबूजींनी राजतिलकाले वरातीसाठी विकला असता. म्हणून मी अन् बकाराम दोघंही गप्प राहिलो."

चुन्नीलाल ओशाळला. पोलिसाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

बकारामने बाहेरून सगळं ऐकलं होतं. आळ गेला, तरी त्याचा चेहरा उतरलेलाच होता. आत येऊन त्याने खरारा हिमांशूच्या हातात दिला.

"मानेवर हळू फिरवजा भाऊ, त्याले गुदगुल्या होतात," तो म्हणाला. "मी आता घरी जातो. मी दिसेन तोवर त्याचं घोडीशी काही जमणार नाही."