अकरा मिनिटं पुढचा ओव्हन

ब्रिजित डाबरेने ओव्हनचं दार वेळेवर उघडलं नाही आणि वसईतली डाबरे बेकरी बंद पडली. पण हे आपल्याला अजून माहीत नाही. पाव कच्चे आहेत, बेकरी चालू आहे आणि ब्रिजित फक्त संतापलेली आहे, असं धरून सुरुवात करू.

संतापाला कारण होतं. शहरात लाकडाच्या भट्ट्यांवर बंदी आली, तेव्हा डाबऱ्यांची भट्टी पाडून तिथे एका कंपनीचा पूर्वताप ओव्हन बसवला गेला. त्यावर पाव नीट भाजून दाखवायला पालिकेने तीन संधी दिल्या होत्या. तिन्ही हुकल्या तर परवाना रद्द. दोन घाणे कोळसा होऊन बाहेर आले होते. पालिकेचे निरीक्षक हुदलीकर कोपऱ्यात बसून तिसऱ्याची वाट पाहत होते.

"ओव्हन ठीक आहे," कंपनीचा दुरुस्ती अभियंता ओजस टिल्लू म्हणाला. सकाळपासून तो एवढंच म्हणत होता. "दोन्ही वेळा दार उघडल्या उघडल्या मी आत तापमापी धरली. दोनशे वीस अंश. जेवढे लावले तेवढेच."

ब्रिजितने जळका पाव टेबलावर आपटला. पावाला काही झालं नाही. टेबलाला खोक पडली.

"मग हे काय आहे?"

"याला आमच्याकडे वापरकर्त्याची चूक म्हणतात, आँटी."

"आमच्याकडे काय म्हणतात ते सांगू? निरीक्षकसाहेब बसलेत म्हणून गप्प आहे."

"माझी काही हरकत नाही," हुदलीकर म्हणाले.

मग तिने सांगितलं. ते ऐकून ओजसने ओव्हनचा संवेदक, म्हणजे सेन्सर, बनवणाऱ्या डॉ. मृदुला खानापूरकरांना बोलावून घेतलं.

मृदुलाबाईंनी तापमापी रिकाम्या ओव्हनमध्ये ठेवली, दार लावलं आणि बऱ्याच वेळाने उघडलं. तापमापीतली नोंद पाहून त्या खाली बसल्या. दार उघडायच्या आधी तापमान तीनशे दहापर्यंत चढलं होतं. दार उघडताच गार हवा आत शिरली आणि ते दोनशे वीसवर येऊन थांबलं.

"साधा ओव्हन थंड झाला की मग जागा होतो," त्या म्हणाल्या. "म्हणून आम्ही कालपूर्व संवेदक बसवला. तो आत्ताचं तापमान मोजत नाही, अकरा मिनिटांनंतरचं मोजतो."

"म्हणजे अंदाज करतो," ब्रिजित म्हणाली.

"अंदाज नाही, मोजतो. तुम्ही दार उघडणार आणि आत गारवा शिरणार, हे त्याला अकरा मिनिटं आधी दिसतं. त्याची भरपाई म्हणून ओव्हन आधीच जास्त तापतो."

"म्हणजे मी बघते तेव्हा बरोबर, आणि बघत नाही तेव्हा पाव जाळतो?"

"तुम्ही बघणार म्हणून जाळतो. मधेच दार कशाला उघडता?"

"पाव वाजवायला." डाबऱ्यांच्या घरात पाव रंगावरून ओळखत नसत. अर्ध्या भाजणीत एकदा आणि शेवटी एकदा बोटाच्या पेराने पावावर टकटक करायची आणि कान द्यायचा. आतून पोकळ आवाज आला की पाव झाला.

"मधलं वाजवणं बंद करा," मृदुलाबाई म्हणाल्या.

"करते. पण शेवटी पाव बाहेर काढू की तेही बंद?"

मृदुलाबाईंनी चष्मा काढला.

"आधी ओव्हन बंद केला तर?" ओजसने विचारलं.

"बंद होणं म्हणजे थंड होणंच. तेही त्याला आधी दिसेल."

"संवेदक काढून टाकला तर?"

"त्याशिवाय हा चालूच होत नाही. ते मीच सुचवलं होतं." त्यांनी चष्मा पुसला. "एकच उपाय आहे. कोणी काही ठरवायचं नाही. दार अचानक उघडायचं."

"त्याला अचानक असं काही असतं का?"

"नसतं. तुम्हाला दुसरं काही सुचतंय?"

तिसरा घाणा आत गेला. कोणीच काही ठरवलं नाही. ओजस छताकडे बघत राहिला. आत ठेवलेल्या तापमापीचा आकडा काचेतून दिसत होता, दोनशे वीस, आणि तो हलत नव्हता. पाव फुगले, मग सोनेरी झाले. हुदलीकर खुर्चीतून उठून काचेपाशी आले आणि त्यांनी खिशातून शिक्का काढला.

ब्रिजितने दाराची मूठ धरली.

"तुम्ही उघडणार नाही," मृदुलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"ओव्हन शांत आहे. म्हणजे पुढची अकरा मिनिटं हे दार उघडत नाही."

"मला कोण अडवणार? तुम्ही?"

"मी नाही. काय अडवणार ते मला माहीत नाही. मी फक्त मोजमाप सांगते."

इथे ब्रिजितने नुसती मूठ ओढायची होती. पण कोणाच्या तोंडावर बोलायचं असेल तर तिला कंबरेवर दोन्ही हात लागत. तिने मूठ सोडली.

"माझी भट्टी पाडलीत," ती म्हणाली. "माझ्या आजोबांनी विटा रचलेली भट्टी. ती कधी म्हणाली नाही, ब्रिजित, तू आता दार उघडणार नाहीस. आणि तुम्ही मला माझ्याच बेकरीत सांगता?" मग तिने कंपनीचं नाव घेतलं, कंपनीच्या मालकाच्या आईचं घेतलं, धूरबंदीचा ठराव करणाऱ्यांची एकेक करून चौकशी केली. मृदुलाबाईही चिडल्या. आपल्याला या शोधासाठी पदक मिळालंय, असं त्यांनी ऐकवलं. ते पदक कुठे ठेवावं, ते ब्रिजितने सविस्तर सांगितलं.

"आँटी, पाव," ओजस मधे म्हणाला.

"तू गप्प बस, टिल्लू."

काचेमागे पाव तपकिरी होत गेले. मग ओव्हन घुमायला लागला आणि आकडा चढू लागला.

"चला, भांडण संपत आलं," ओजस म्हणाला. "अकरा मिनिटं राहिली."

ते ऐकून दोघी आणखी भडकल्या आणि बरोबर तेवढाच वेळ भांडल्या. मग ब्रिजितने दार उघडलं. आत दोनशे वीस अंश होते. तिने काळ्या पावावर पेराने टकटक केली. आवाज अगदी पोकळ आला.

हुदलीकरांनी शिक्का खिशात ठेवला.

आठवड्याभरात पालिकेत ब्रिजितचा एक अर्ज आला. त्याचा शेवट असा: "…सबब, सदर पाव दार बंद असताना उत्तम भाजले गेले होते, व ते आपल्या निरीक्षकांनी काचेतून समक्ष पाहिले आहे. तरी पाव जेवढा वेळ सोनेरी होते तेवढ्या वेळापुरता बेकरीचा परवाना वैध मानण्यात यावा, आणि तो वेळ अर्जदारास दररोज सकाळी उपलब्ध करून देण्यात यावा, ही नम्र विनंती."