झहराच्या झऱ्याचं पाणी कोण पितं?

"मार उडी, सनूसी! की घाबरलास पाण्याला?" अय्यूब काठावरून ओरडला.

"पाणी असतं तर घाबरलो असतो! इथं तर तळाचं शेवाळ दिसतंय!"

सनूसीचं खरंच होतं. वाळवंटातल्या सीवा गावच्या शाळेची सहल झहराच्या झऱ्याच्या दगडी कुंडावर आली, की मुलं काठावरून धडाधड उड्या मारत. यंदा पाणी इतकं खाली गेलं होतं, की उडी मारायची सोयच उरली नव्हती.

सीवात मुली चारचौघांत पोहत नाहीत. म्हणून नफीसा खजूर खात काठावर बसली होती, पण एकही खजूर तिला गोड लागत नव्हता. बाबांनी कालच सांगितलं होतं, "या उन्हाळ्यात झरा वर आला नाही, तर बाग सोडायची आणि समुद्रकाठच्या मत्रूह शहरात जायचं." त्यांची खजुराची सगळी झाडं याच पाण्यावर जगत होती.

"उन्हानं आटलं पाणी, दुसरं काय!" राखणदार जाबिरकाका चहा फुरकत म्हणाला.

"ऊन काय यंदाच पडायला लागलंय?" नफीसा पुटपुटली.

जेवणं झाल्यावर फथीसर सगळ्यांना वरच्या टेकाडावर, पडक्या गावात घेऊन गेले. तिथं त्यांनी जुन्या राजांच्या गोष्टी सुरू केल्या, आणि त्या काही संपेनात! नफीसा एका भिंतीच्या सावलीला टेकली, आणि दचकून उठली. तिची पाठ ओली झाली होती!

"घाम असेल तुझा," अय्यूब म्हणाला.

"माझा घाम भिंतीच्या पायथ्यापासून वर चढतो होय रे?"

तिघंही वाकून बघू लागले. त्या भिंती मिठाच्या चिखलाच्या. उन्हात त्या दगडासारख्या घट्ट होतात आणि पाणी लागलं की विरघळतात, हे सीवातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाऊस तर कित्येक वर्षांत पडला नव्हता. टेकाडापलीकडे मात्र नव्या विश्रामगृहाची हिरवीगार हिरवळ चमकत होती.

"झऱ्यात पाणी नाही आणि भिंतीत आहे," नफीसा हळूच म्हणाली. "सनूसी, चल, झऱ्यात उतर!"

तिघं गुपचूप खाली झऱ्यावर आले. सनूसीनं बुडी मारली आणि तो धापा टाकत वर आला. "दगडांमागून कुणीतरी माझा हात ओढला!"

"जिन्न!" अय्यूबची बोबडीच वळली.

सनूसी पुन्हा बुडी मारून चाचपून आला. "जिन्नाला प्लास्टिकचं तोंड असतं का रे, गाढवा? पाइप आहे तो! जाबिरकाकाला सांगू या का?"

"नको," नफीसा म्हणाली. "तो पुन्हा उन्हाचंच नाव सांगेल. अय्यूब, जास्वंदीच्या सरबताचा डबा आण."

"तो? तो अख्ख्या वर्गाचा आहे! मी अजून दुसरा पेलाही घेतला नाही!"

पण अय्यूबचं कोण ऐकतंय! सनूसी डबा घेऊन तळाशी गेला आणि त्यानं तो पाइपाच्या तोंडाशीच उघडला. लालभडक सरबत गटागटा आत गेलं.

तिघं टेकाडावर धावले. थोड्याच वेळात भिंतीचा पायथा गुलाबी झाला! म्हणजे पाइप भिंतीखालूनच जात होता आणि गळत होता. फथीसर राजांना वाऱ्यावर सोडून बघतच राहिले. तेवढ्यात धूळ उडवत जीप आली आणि विश्रामगृहाचे मालक रिफअतबे तणतणत खाली उतरले.

"कुणी सरबत ओतलं माझ्या पाइपात? पाहुण्यांचा तलाव गुलाबी झालाय!"

"कुठल्या पाइपात, साहेब?" नफीसानं अगदी आदरानं विचारलं.

रिफअतबेंनी जीभ चावली. गलका ऐकून वर आलेला जाबिरकाका आपल्या चपला न्याहाळू लागला.

संध्याकाळी गावचे कारभारी असलेले सगळे शेख झऱ्यावर जमले आणि पाइप उपटला गेला. थोरल्या शेखनी नफीसाच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्हा म्हाताऱ्यांना दिसलं नाही ते पोरांनी दाखवलं. शाबास!"

"आता पाणी वर येईल ना, शेख?"

शेखनी वाकून झऱ्यात पाहिलं. "येईल थोडंफार. पण बाळा, हा चोरीचा पाइप होता म्हणून उपटता आला. बागाबागांतून विहिरी आहेत, त्याही हेच पाणी ओढतात, आणि त्या आम्हीच खणल्यात. तुझ्या बाबांनीसुद्धा."

बाबांनी मान फिरवली.

पाणी वीतभर चढलं आणि तिथंच थांबलं. उन्हाळा सरत आला तेव्हा नफीसाच्या दारात पिकअप उभी राहिली. गाद्या, भांडी, पेट्या चढल्या. अय्यूब आणि सनूसी दोर आवळत होते. नफीसाला रडू आवरत नव्हतं.

"बाबा, आपण आपली विहीर बुजवू या ना!"

"आपण बुजवू गं. पण शेजारी बुजवतील का?" बाबांनी तिचे डोळे पुसले आणि निरोपाला जमलेल्यांना अभिमानानं सांगितलं, "हीच ती! हिनंच चोर पकडला!"

सगळ्यांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं. विहिरींबद्दल मात्र कुणीच काही बोललं नाही.