काही घडलं नाही, याची नोंद

सन २०५८. मार्चमधल्या एका भर दुपारी वाळणवाडीच्या कासव-केंद्रात भलतंच कोडं उभं राहिलं. टाकी काठोकाठ भरलेली होती, पंप धडधाकट होता, सर्व्हरवर (इतर यंत्रांना हुकूम सोडणाऱ्या संगणकावर) हिरवा दिवाही ऐटीत लुकलुकत होता. तरी वाळूवर तुषार काही उडत नव्हते.

वाळूखाली समुद्री कासवाची एकशे आठ अंडी होती. वाळूचं तापमान तेहतीस अंशांवर गेलं होतं आणि पस्तिशी ओलांडली की आतल्या पिल्लांचं काही खरं नव्हतं. या घरट्याची राखण सातवीतल्या ऊर्वीकडे होती. तिनं बादली उचलली.

"आजोबा, बादलीनं पाणी ओतू?"

"नको गो. वाळू घट्ट बसेल, पिल्लांना हवा मिळायची नाही."

"मग सर्व्हर बंद करून परत चालू करते!"

दत्तारामआजोबांनी उभा जन्म संगणकशास्त्रात घालवला होता. ते म्हणाले, "परत चालू व्हायला वीस मिनिटं घेतो तो. आणि दुखणं पोटात असेल, तर डोक्याला पट्टी बांधून काय उपयोग? आधी त्याला विचारूया."

विचारायचं म्हणजे सर्व्हरची तब्येत सांगणारी 'नाडी' उघडायची. नाडीत चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एक ओळ लिहायची, संगणकानं ओळीतच उत्तर द्यायचं. ऊर्वीला तो काळा पडदा कधीच आवडला नव्हता, पण आज नखरे करायला वेळ नव्हता.

तिनं लिहिलं, 'नाडी ताण'. उत्तर आलं: प्रक्रियक (आकडेमोड करणारा भाग) चार टक्के कामात.

"म्हणजे दमलेला नाही," आजोबा म्हणाले. "पुढे?"

'नाडी स्मृती'. हातातलं काम ठेवायची तात्पुरती जागा निम्मी मोकळी होती. मग 'नाडी साठा', म्हणजे नोंदी कायमच्या ठेवायची जागा. उत्तर आलं: शंभर टक्के भरली.

"सापडलं! पण साठा भरला म्हणून पंप का थांबावा?"

"हा सर्व्हर शिस्तीचा आहे. हुकूम आधी लिहितो, मग सोडतो. लिहायला जागा नाही, म्हणून बसलाय पेन हातात धरून. चालू आहे म्हणून दिवा मात्र हिरवा! आता एवढं भरलंय कशानं, ते विचार."

ऊर्वीनं विचारलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. सगळी जागा एकाच वहीनं खाल्ली होती: 'ऊर्वीची निरीक्षणं'. शेवटच्या ओळी उघडल्या. काही घडलं नाही. काही घडलं नाही. काही घडलं नाही.

केंद्राचा नियमच होता, निरीक्षणवहीत कोरा दिवस दिसला की राखण दुसऱ्याकडे जाणार. त्या धास्तीनं ऊर्वीनं पाच आठवड्यांपूर्वी वाळूतल्या संवेदकाला (हालचाल टिपणाऱ्या यंत्राला) सांगितलं होतं, सेकंदाला हजार वेळा लिही.

"आजोबा, हे माझंच कर्तृत्व," ती रडवेली होऊन म्हणाली. तापमान चौतीसच्या वर गेलं होतं. "पुसून टाकू सगळं? पण पाच आठवडे..."

"आधी 'काही घडलं नाही' एवढ्या ओळी वगळून दाखव म्हणावं."

कोट्यवधी ओळींतून एकच उरली: परवा, पहाटे ४:१०, अंड्याच्या कवचाला आतून टोचा.

पिल्लं बाहेर यायला निघाली होती आणि दोन दिवस ती बातमी त्या गर्दीत दडून बसली होती! ऊर्वीनं ओळ तळहातावर उतरवली. मग आजोबांनी सांगितल्याप्रमाणे आधी संवेदकाचं लिहिणं थांबवलं, नाहीतर वही पुन्हा भरत राहिली असती. नंतर वही रिकामी केली.

सूं... करून तुषार उडाले. ऊर्वी आकड्यावरून नजर काढेना. चौतीस. तेहतीस. एकतीस. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि संवेदकाला नवा नियम दिला: बदल झाला तरच लिही.

पडदा कोराच राहिला. तास गेला, दोन तास गेले.

"बंद तर नाही ना पडला?" तिनं विचारलं.

"शंका आली तर नाडी बघ. पण ठीक असलं तर गप्प राहायचं, हे तूच त्याला शिकवलंस."

तिनं नाडी बघितली. सगळं ठीक होतं. आता कोरा पडदासुद्धा वाचता येत होता तिला.

ऊन उतरल्यावर पडद्यावर एक ओळ उमटली: वाळू हलली.

ऊर्वी धावली. वाळूतून नाण्याएवढं काळं डोकं वर आलं होतं.

"मादी असली तर पंधराएक वर्षांनी अंडी घालायला इकडेच येईल," आजोबा म्हणाले.

"तेव्हा मी सत्तावीसची असेन," ऊर्वी म्हणाली, "आणि सर्व्हर मीच सांभाळत असेन."