‘बंद’ कोण म्हणालं?

फोनवर मुकादमाला धड बोलताच येत नव्हतं.

“मॅडम, दोघा भावांतला धाकटा गेला. खड्ड्यात गॅसने गुदमरला, वर काढला, पण गेला. चाक उघडंच होतं हो!”

“उघडं होतं तर त्याने जोड सोडला कशाला?”

“‘बंद’ म्हणून आवाज आला ना! मी ऐकला, सगळ्यांनी ऐकला.”

मॅडम म्हणजे गॅस कंपनीत अपघातांची चौकशी करणाऱ्या अधिकारी. असल्या चौकश्यांत खापर बहुतेक वेळा मेलेल्याच्या डोक्यावर फुटतं, कारण तो उलट उत्तर देत नाही. या खेपेला मात्र त्या गल्लीत पोचण्याआधीच आरोपी ठरला होता, आणि तो जिवंत होता. फुटपाथवर डोकं धरून बसला होता.

काम रोजचंच होतं. रस्त्याखालच्या गॅसच्या नळीचा जुना जोड बदलायचा. नळी अडवणारा व्हॉल्व्ह, कामगारांच्या तोंडी नुसतं ‘चाक’, भिंतीपलीकडच्या आवारात. काम सुरू होताच पलीकडच्याने चाक आवळायला घ्यायचं. खड्ड्यातल्या माणसाने ओरडायचं, “चाक?” चाक पुरतं आवळलं असेल तरच पलीकडच्याने ओरडून उत्तर द्यायचं. उत्तर आलं, की मगच जोडाला पाना लावायचा. एकाला दुसरा दिसत नाही. तेव्हा त्या आवाजाच्या भरवशावर जीव सोपवायचा, दुसरा इलाज नाही.

चाकावर होते हातकाढे काका. हे आडनाव नव्हे, पोरांनी केलेली चेष्टा. काकांची उभी हयात चाकं फिरवण्यात गेली होती, आणि चाक आवळून झालं की “हात काढला!” अशी आरोळी ठोकायची त्यांची जुनी खोड होती.

“म्हातारड्या, माझ्या भावाला खाल्लंस!” थोरला ओरडत होता. दोघांनी धरूनही आवरत नव्हता. अपघाताच्या वेळी धाकट्याच्या कमरेचा दोर धरून खड्ड्याच्या तोंडाशी तोच उभा होता. भावाला त्यानेच वर ओढलं होतं. हातांची सालटी निघाली होती, त्याचं त्याला भान नव्हतं.

मॅडम काकांशेजारी टेकल्या.

“काका, चाक बंद केलंत?”

“अर्ध्यावर अडकलं. गंजलंय मेलं. पाना लावून जोर देत होतो.”

“मग उत्तर का दिलंत?”

“नाही दिलं.”

“सगळ्यांनी ऐकलंय.”

“ऐकलं असेल. मला तर ‘चाक?’ अशी हाकही नाही आली. शेजारी जनरेटर बोंबलत होता.”

काकांच्या तळहातावर ताजे फोड होते. मॅडमनी आवारात जाऊन पाहिलं. पाना अजून चाकावर तसाच अडकलेला. पण फोड आणि पाना दाखवून फौजदाराचं समाधान होणार नव्हतं. त्याला नाव हवं होतं. मॅडमचा अहवाल आला, की तो काकांना उचलणार होता.

खड्ड्याच्या बरोबर वर शिंपीणबाईंची खिडकी होती.

“आवाज कसा आला?”

“स्वच्छ. ‘बंद!’ आमच्या खिडकीखालीच कोणी बोलावं तसा.”

“तेव्हा जनरेटर चालू होता?”

“तो कधी बंद असतो? भिंतीपलीकडून कोणी गळा फाडून ओरडलं तरी इकडे ऐकू येत नाही. रोजची कटकट आहे.”

खिडकीखाली दोघंच होते. थोरला आणि मुकादम. मुकादमाला धारेवर धरलं, तर त्याची पाचावर धारण बसली.

“मॅडम, मी का म्हणेन? साहेबांचा फोन होता, काम कधी संपतंय म्हणून. मान खाली घालून बोलत होतो. आवाज आला एवढंच कळलं.”

कुठून आला, ते त्याला सांगता येईना.

मॅडम कचेरीत परतल्या तर बाकावर दोघा भावांची आई बसलेली. रडून रडून आटलेली, शांत.

“बाई, कोण होता तेवढं सांगा. माझं काही मागणं नाही. नाव कळलं की मी घरी जाते.”

“सांगेन, मावशी,” मॅडम म्हणाल्या.

माणूस नको तेव्हा शब्द देऊन बसतो, तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्रशिक्षणाच्या वर्गात गेल्या. थोरल्याचा आधीचा कारखाना बंद पडल्यावर धाकट्याने त्याला याच वर्गात आणून बसवलं होतं. बाकं गच्च भरलेली आणि समोर फळीवर खरं चाक एकच. एक जण उठून ते फिरवत होता. मास्तरांनी खणखणीत आवाजात विचारलं, “चाक?”

“बंद!” अख्खा वर्ग गरजला.

पुन्हा “चाक?” पुन्हा “बंद!” फिरवणाऱ्याचं चाक अजून अर्ध्यावरच होतं. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

 मॅडमना उत्तर सापडलं होतं, आणि ते नको होतं.

दुपारी त्यांनी सगळ्यांना कचेरीत बोलावलं. काका, मुकादम, थोरला, मास्तर, शिंपीणबाई. फौजदार दाराशी उभा. आईला त्यांनी बाहेरच बसायला सांगितलं.

“काकांनी उत्तर दिलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “दिलं असतं तरी जनरेटरपुढे ते रस्त्यावर पोचलं नसतं. आणि दुसरं. काका ‘बंद’ म्हणतच नाहीत. त्यावरून तुम्हीच त्यांची टिंगल करता.”

मुकादमाने जीभ चावली. इतका वेळ हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मग बोललं कोण?” थोरल्याने टेबलावर मूठ आपटली. “ते शोधा ना! कोण बोललं त्याला माझ्यासमोर उभा करा!”

मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. त्याच्याकडे बघून हे करणं त्यांना जमलं नसतं. पाठमोऱ्याच उभ्या राहून त्या मास्तरांसारख्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“चाक?”

“बंद!”

सगळ्यांच्या माना थोरल्याकडे वळल्या. शिंपीणबाईंनी तोंडावर पदर धरला.

“हाच,” त्या पुटपुटल्या. “हाच आवाज.”

“काय झालं?” थोरला म्हणाला. “माझ्याकडे काय बघताय सगळे?”

“तुम्ही आत्ता काय म्हणालात?”

“मी? मी कुठे काय म्हणालो?”

तो खोटं बोलत नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं. काकांनी मान फिरवली. थोरल्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूहळू त्याचा हात स्वतःच्या ओठांकडे गेला.

मॅडमना आता बोलावंच लागणार होतं.

“खाली धाकट्याने हाक दिली. वर तुम्ही दोर धरून. वर्गात रोज जे घोकलंत ते तोंडातून निघून गेलं. मुकादमांची मान फोनमध्ये. खड्ड्यात प्रत्येक आवाज वरूनच येतो. धाकट्याला वाटलं, काकांचं उत्तर दादा आपल्यापर्यंत पोचवतोय. दादावर त्याने विश्वास ठेवला आणि जोड सोडला.”

“मग मला ऐकू आलं ते...”

“तुमचंच.”

थोरला मटकन खाली बसला.

फौजदाराने घसा साफ केला. “म्हणजे नाव यांचं लिहायचं?”

“मास्तर, तुम्ही सांगा,” मॅडम म्हणाल्या. “चाकाला हात न लावता ‘बंद’ म्हणायचं, हे यांना कोणी शिकवलं?”

“चाक एक, माणसं एवढी,” मास्तरांचा आवाज चिरकला. “दुसरं चाक द्या म्हणून किती वेळा मागितलं. वरून एकच सांगणं, लवकर आटपा, माणसं हवीत. एकेकाच्या हातात चाक कुठून देऊ? म्हटलं, निदान बोलायची तरी सवय होईल.”

“आणि लागली,” मॅडम म्हणाल्या. रागाने म्हणायला गेल्या, पण राग येईना. अहवालात त्या मास्तरांचं नाव घालतील, वरच्या साहेबांचंही घालतील. साहेब ते वाचतील आणि त्यावर सही करून पुढे पाठवतील. या वर्गातून शिकून गेलेली माणसं किती खड्ड्यांच्या तोंडाशी दोर धरून उभी असतील, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. त्यांच्या तोंडातली सवय मॅडम कशी काढून घेणार होत्या?

काका सुटले होते. सुटल्याचं त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. ते उठले, थोरल्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा म्हणून वाकले आणि तसेच घोटाळले.

दार ढकलून आई आत आली. आतली शांतता ऐकून तिला बाहेर बसवलं नसावं.

“सापडला का, बाई?”

मॅडमनी तोंड उघडलं. 

“आई,” थोरला जमिनीवरूनच म्हणाला, “मी होतो. चाक बंद नव्हतं, आणि मी ‘बंद’ म्हणालो.”

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती ओरडली नाही की रडली नाही. लहानपणी पोराच्या तोंडून भलतासलता शब्द ऐकून दटावलं असेल, त्याच सुरात तिने विचारलं,

“हे कोणी रे शिकवलं तुला?”

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. बाहेर पडायला एकच दार होतं, आणि त्यात ती उभी होती.