चढाचा वेग

"जरा हे धराल का? पण सांभाळून हं… माझा जीव आहे यात."

रामनगरच्या स्टँडवरून जोयड्याची बस नुकती हलली होती. अनुसयाने मान वर केली. गर्दीत कसाबसा तोल सावरत एक उंच तरुण टॉवेलात गुंडाळलेला डबा तिच्यापुढे धरून उभा होता. कुणाचं सामान मांडीवर घ्यायची तिला सवय नव्हती. आज का घेतलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"जीव बराच जड हाय की तुमचा," ती म्हणाली. "काय हाय यात? बेळगावचा कुंदा?"

"विमानाचा ऑटोपायलट. बिघडला होता, बेळगावहून दुरुस्त करून आणलाय."

"आणि विमान कुठं ठेवलंसा? टपावर?"

आजूबाजूची माणसं हसली. तोही मोकळेपणानं हसला आणि अनुसयाला तो तिथेच आवडून गेला. त्याचं नाव यशवंत. सुप्याच्या जलाशयाचे आणि भोवतालच्या जंगलाचे वरून फोटो घ्यायचं काम निघालं होतं, त्यासाठी जोयड्याजवळच्या माळावर त्याचं छोटं विमान उभं होतं. अनुसया जंगलखात्यात नकाशे काढायची, आणि उद्यापासून त्याच विमानात बसून गावं ओळखायचं काम तिच्याकडेच होतं. हे मात्र तिने सांगितलं नाही. थोडी गंमत राहू दे, म्हणून.

चढ लागला. ड्रायव्हरने गिअर खाली आणला, बस कण्हत वर निघाली.

"हा डबा करतो तरी काय?"

"चढताना वेग धरून ठेवतो," तो दांड्याला लोंबकळत सांगू लागला. "आधी आपण वेग जमवायचा, समजा नव्वद. जमला की बटण दाबायचं. वेग कमी व्हायला लागला की हा नाक जरा खाली करतो, वाढला की जरा वर. मग विमान हळू चढेना का, वेग सुटत नाही."

"आणि घाई असली तर?"

"दुसरं बटण आहे. मिनिटाला इतके फूट चढ म्हटलं की चढवतोच. पण इंजिन दमलं तरी हा नाक वरच रेटतो. वेग मरतो, आणि वेग मेला की विमान हवेत टिकत नाही."

"म्हंजे हट्टी."

"अगदी! म्हणून चढताना मी वेगाचंच बटण दाबतो. नेहमी." हे त्याने जरा छाती फुगवूनच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशांची गुंडाळी काखेत मारून अनुसया माळावर हजर झाली.

"तुम्ही?"

"व्हय. जीव बरा हाय न्हवं तुमचा?"

त्यानंतर रोज दोन फेऱ्या. ती शेजारच्या सीटवर, मागे कॅमेऱ्यावर म्हादू. तिघांच्या कानांवरचे हेडफोन एकमेकांना जोडलेले, त्यामुळे बिचाऱ्या म्हादूला सगळं ऐकावं लागे. खाली काळी नदीचं अडवलेलं पाणी चमकायचं. भाताची खाचरं दिसली की अनुसया गावाचं नाव सांगायची आणि यशवंत गावाकडे कमी, तिच्या बोटाकडे जास्त बघायचा.

"ते कुळगी. तिकडं बघा की, माझ्याकडं काय हाय?"

"तुमच्याकडेही नकाशात नसलेलं बरंच काही आहे…"

"साहेब," मागून म्हादूचा आवाज, "फोटो काढू का न्हाई?"

कानात घुमणारा यशवंतचा आवाज हेडफोनमुळे असेल, अशी अनुसयाने चार दिवस स्वतःची समजूत घातली. रविवारी विमान उडालं नाही, तरी तो थांबेना. तेव्हा मात्र तिने कबूल केलं, आपलं मन त्याच्यावर बसलं.

आणि नेमकं बुधवारी तिच्या वडिलांनी, आप्पांनी, सांगितलं, येत्या रविवारी खानापूरचे पाहुणे बघायला येणार. दोन दिवस तिने ते पोटात ठेवलं. शुक्रवारी दुपारी विमान माळावरून उठून वर चढत होतं. ऊन कडक, टाक्या भरलेल्या, इंजिन दमत होतं. तेव्हा ती एकदम म्हणाली,

"रविवारी… मला बघायला येणार हायत."

यशवंतचं लक्ष उडालं. त्याचा हात बटणांकडे गेला. विमानाचं नाक वर झालं. अनुसया त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत समोरच्या काट्यांकडे बघत राहिली. नव्वद… ऐंशी… पंचाहत्तर…

"यशवंत! काटा उतरतोय!"

त्याने झटकन ऑटोपायलट बंद केला आणि नाक खाली घेतलं. काटा पुन्हा नव्वदवर आला, स्थिरावला. मग त्याने वेगाचं बटण दाबलं. विमान सावकाश, शहाण्यासारखं चढू लागलं.

"दुसरं बटण दाबलं मी," तो ओशाळून म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा."

"साहेब, मला दोन पोरं हायत," म्हादू मागून म्हणाला.

एवढं होऊनही माणूस शहाणा झाला म्हणावं, तर नाही. त्याच संध्याकाळी यशवंत रामनगरला अनुसयाच्या दारात उभा. आप्पांनी, म्हणजे तुकारामांनी, तीस वर्षं गोव्याच्या घाटात ट्रक चालवला होता. त्यांनी गूळ-पाणी पुढे केलं. त्याला हातही न लावता हा म्हणाला,

"मला अनुसयाशी लग्न करायचंय."

तुकारामांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पाहुणं, संगट कोण हाय?"

"एकटाच आलोय. आई-वडील नाहीत. नंदगडला आत्ती आहे, तिनंच वाढवलं."

"आत्तीला ठावं हाय?"

"…अजून नाही."

"असली गोष्ट एकट्यानं काढत्यात व्हय? आमच्यात माणसं येत्यात, बसत्यात, भाता-पाण्याचं बोलत्यात, मग इषय निघतो. गूळ खावा आणि या तुमी."

यशवंतचा चेहरा पडला. तो उठला. स्वयंपाकघराच्या दाराआड आईजवळ उभी असलेली अनुसया सगळं ऐकत होती. हा आता गेला, की रविवारी दुसरे येणार. ती सरळ बाहेर आली.

"आप्पा, एवढं इचारा त्यास्नी. चढाला इमान कसं नेत्यात?"

तुकारामांना राग आला होता, पण चढाचं नाव काढल्यावर त्यांना राहवेना. "कसं?"

यशवंतने सांगितलं. आधी अडखळत, मग हातांनी विमानाचं नाक खाली-वर करून दाखवत. तुकाराम पुढे सरकले.

"आणि लोड असला तर?"

"तर वेगच धरायचा. चढ कमी मिळाला तरी चालतो."

"मग ही तर आमची घाटातली गाडी झाली!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "जबरीनं वर वडाय गेलं की गाडी दम सोडती. दम राखला की माथा येतोयच." मग डोळे बारीक करून म्हणाले, "आणि लेका, आमच्या घरात शिरताना कुठलं बटण दाबलंस?"

"हट्टाचं," यशवंत मान खाली घालून म्हणाला.

"आप्पा," अनुसया यशवंतच्या शेजारी येऊन उभी राहिली. "खानापूरच्यास्नी येऊ नका म्हणून कळवा. मला ह्येच पायजेत."

आत आईच्या हातातली पळी पडली. तुकारामांनी लेकीकडे बघितलं. "कळवतो," ते म्हणाले. "पण ह्येनं आत्तीला आणाय पायजे."

रविवारी दुपारच्या बसने रुक्मिणीआत्ती आली. यशवंतने गूळ खाल्ला, पाणी प्यायलं. भात कसा आला ते विचारलं. मग ट्रकच्या टायरांचं बोलला. आत्तीने आपल्या म्हशीचं बाळंतपण सविस्तर सांगितलं. तास झाला. तुकाराम जागच्या जागी चुळबुळत होते. शेवटी त्यांचा धीर सुटला.

"अरे, आता काढ की इषय!"

"आप्पा, चढ हाय," दारातून अनुसया म्हणाली. "घाई नको."

सगळे खो खो हसले. त्या हसण्यात यशवंतने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"सावकाश गेलं तर चालेल ना… तुला?"

पहिल्यांदाच 'तुला' म्हणाला होता. अनुसयाने त्याच्या तळहातावर गुळाचा आणखी एक खडा ठेवला.

"चालंल की," ती म्हणाली. "पर सोडायचं न्हाई."